खाडी, तर आणि वस्तीची एसटी

कोकणचा किनारा पायी पाहायचा, आणि तोही स्वतःची मोटार न नेता, असे म्हटले की ऐकणारे दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला प्रश्न, 'मग परत कसे येणार?' आणि दुसरा, 'मधल्या खाड्या कशा ओलांडणार?' गंमत अशी की आपल्या आजोबा-पणजोबांना हे प्रश्न पडलेच नसते. कारण या किनाऱ्यावरचा सारा प्रवास शतकानुशतके असाच होत आला. थोडे चालायचे, थोडे पाण्यातून जायचे आणि उरलेल्या वाटेसाठी कोणत्या तरी सार्वजनिक वाहनाची वाट पाहायची. मोटार घेऊन सरळ किनाऱ्याच्या वाळूपर्यंत जाण्याची चाल अगदी अलीकडची. म्हणून आज मी या जुन्या प्रवासाचा इतिहास सांगणार आहे, आणि त्यातूनच आजच्या पायी भटकंतीची आखणी कशी करावी तेही सांगणार आहे. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

आधी भूगोल पाहू. महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी जुन्या मोजणीप्रमाणे सातशे वीस किलोमीटर. पण ती सलग वाळूची पट्टी नव्हे. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्या पश्चिमेकडे धावतात आणि थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटन, कर्ली, तेरेखोल, अशी उत्तरेकडून दक्षिणेकडे नावे घेत जावे. यातल्या प्रत्येक नदीच्या मुखाशी खाडी आहे. दोन खाड्यांच्या मध्ये एखादी पुळण, मग समुद्रात घुसलेले डोंगराचे नाक, त्याच्या माथ्यावर जांभ्याचा सडा आणि पलीकडे उतरले की पुन्हा पुळण. किनाऱ्याने चालणाऱ्याला हीच चार गोष्टींची माळ पुन्हा पुन्हा भेटते.

या रचनेचा परिणाम असा, की किनाऱ्याला समांतर जाणारा गाडीरस्ता इथे फार काळ झालाच नाही. खाडीचे मुख रुंद, त्यामुळे रस्त्याला आत, नदी अरुंद होते तिथवर वळसा घ्यावा लागतो. समोरच्या तीरावरचे घर दिसते, अंगणात वाळत घातलेले कपडे दिसतात, पण चाकांच्या वाहनाने तिथे पोचायचे तर कितीतरी कोस फिरावे लागते. पायी माणसाचे तसे नसते. तो धक्क्यावर उभा राहतो, तरीची वाट पाहतो आणि काही मिनिटांत पलीकडे उतरतो. म्हणजे किनाऱ्याचा सर्वांत जवळचा मार्ग हा नेहमीच पादचाऱ्याचा मार्ग होता.

या तरी म्हणजे काही किरकोळ व्यवस्था नव्हती. मुंबई इलाख्यात १८६८ साली तरींसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि सरकारी तरींचे मक्ते, उताराचे दर यांना कायद्याची चौकट मिळाली. आज आपण ज्या गंभीरपणे पुलाच्या टोलची चर्चा करतो, तेवढ्याच गंभीरपणे त्या काळी तरीच्या उताराची चर्चा होत असे. माणूस, बैल, डोक्यावरचा भारा, सगळे त्या होडीतून पलीकडे जाई.

आणि लोक चालत किती! महर्षी धोंडो केशव कर्वे हे दापोलीजवळच्या मुरुडचे, म्हणजे अगदी समुद्रकाठचे. सहावीच्या परीक्षेसाठी ते पावसाच्या दिवसांत मुरुडहून शंभरावर मैल चालत, सह्याद्री ओलांडून साताऱ्याला गेले. तिथे वय कमी दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. पुढे ते कोल्हापूरला परीक्षा देऊन आले. ही हकीकत आपण त्यांच्या जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगतो आणि ते योग्यच आहे. पण मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. मुरुडच्या मुलाने साताऱ्याला पायी निघावे यात त्या काळच्या कोणाला फारसे नवल वाटले नसावे. दूरचा माणूसही याच पद्धतीने येई. रशियाचा व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात चौलच्या बंदरात उतरला आणि तिथून जमिनीच्या वाटेने जुन्नरला गेला. बंदरापर्यंत गलबत आणि बंदरापासून पायवाट, हे कोकणच्या प्रवासाचे जुने व्याकरण आहे.

या व्याकरणात पहिला मोठा बदल केला आगबोटीने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेपर्ड कंपनीच्या आगबोटी मुंबईहून दक्षिणेकडे नियमाने जाऊ लागल्या. पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी आली. स्वदेशीच्या चळवळीच्या काळात देशी भांडवलाची कंपनीही निघाली आणि तिच्या आगबोटींना तुकाराम, रामदास अशी संतांची नावे दिली गेली. मुंबईत भाऊच्या धक्क्यावर चढायचे आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जायचे. बऱ्याच बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि पडाव तिच्या अंगाला भिडत. पोरेबाळे, ट्रंका, फणस, कोंबड्या, सगळे खलाशांच्या हाती देत देत माणसे पडावात उतरत. बंदरात उतरल्यावर छोट्या लाँचने खाडीतून आत जायचे. दाभोळहून वाशिष्ठीतून गोवळकोटला, म्हणजे चिपळूणच्या दारात, बाणकोटहून सावित्रीतून महाडच्या बाजूला. आणि लाँच जिथे थांबे तिथून पुढे चालायचे.

ही सांगड किती नेटकी होती पाहा. किनाऱ्याची लांबी आगबोटीने कापायची, खाडीची खोली लाँचने आणि शेवटचा टप्पा पायांनी. कोणत्याही एका वाहनाने सगळे होत नसे आणि तशी कोणाची अपेक्षाही नसे.

अर्थात जुने ते सारे सोन्याचे होते असे मी म्हणणार नाही. पावसाळ्यात दक्षिणेकडची आगबोट बंद होई. मग मुंबईचा चाकरमानी कोल्हापूरपर्यंत आगगाडीने जाई, हा फाटा १८९१ साली सुरू झालेला, आणि तिथून घाट उतरून गावी पोचे. म्हणजे समुद्रकाठच्या गावाला जायला आधी देशावर चढायचे! ज्या जवळच्या मार्गावर पावसातही बोटी चालत, तिथे कधी कधी भयंकर किंमत मोजावी लागे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. अलिबागच्या टापूत आजही जुनी माणसे ही गोष्ट सांगताना आवाज खाली आणतात. सार्वजनिक वाहतूक ही नुसती सोय नसते. तिच्यावर कितीजणांचे प्राण टांगलेले असतात, हे त्या दिवसाने शिकवले.

दुसरा बदल एसटीचा. त्याआधी खासगी सर्व्हिस मोटारी होत्या. त्या भरल्या की सुटत आणि जिथे धंदा तिथेच जात. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, अशी सरकारी एसटीची पहिली गाडी धावली. पुढे राज्य झाल्यावर १९६१ साली महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ अस्तित्वात आले. 'गाव तेथे एसटी' हे ब्रीद कोकणाइतके कुठे कसाला लागले नसेल. नागमोडी चढ, लाल मातीचे रस्ते, एका बाजूला जांभ्याचा कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. अशा वाटांवरून एसटी एकेका पुळणीवरच्या गावात उतरली. त्यातून एक खास गोष्ट जन्माला आली. ती म्हणजे वस्तीची गाडी. संध्याकाळी तालुक्याहून निघायचे, रात्री किनाऱ्यावरच्या शेवटच्या गावात मुक्काम करायचा आणि पहाटे तीच गाडी घेऊन परत फिरायचे. गावाचे दूध, मासळी, कोर्टाची तारीख, कॉलेजची मुले, सगळ्यांचे घड्याळ या पहाटेच्या गाडीवर लागलेले असे.

प्रवासी आगबोटी ऐंशीच्या दशकात आटोपत्या झाल्या. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही बोटींची नावे आता फक्त आठवणींच्या लेखांत भेटतात. तोवर तिसऱ्या बदलाची तयारी सुरू झाली होती. बॅरिस्टर नाथ पै आणि नंतर प्रा. मधु दंडवते यांनी संसदेत कोकण रेल्वेची मागणी लावून धरली. १९८६ साली गाडी रोह्यापर्यंत पोचली. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन यांच्याकडे त्याची धुरा आली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरच्या बाजूपर्यंतचा संपूर्ण मार्ग वाहतुकीला खुला झाला. सुमारे साडेसातशे किलोमीटरच्या या मार्गात नव्वदांवर बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आणि पानवलचा पूल चौसष्ट मीटर उंच.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. कोकण रेल्वे समुद्राच्या काठाने जात नाही. ती आतून जाते. खेड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर रोड, कणकवली, कुडाळ, ही स्थानके किनाऱ्यापासून बरीच दूर आहेत. रत्नागिरीचे स्टेशनसुद्धा शहराबाहेर पूर्वेला आहे. पुष्कळ पर्यटक इथेच निराश होतात आणि पुढच्या खेपेला मोटार काढतात. मला मात्र वाटते, की रेल्वेने आगबोटीचीच जागा घेतली आहे. आगबोट किनाऱ्याची लांबी कापत असे, आता ते काम रेल्वे करते. लाँच आडवी आत जाई, आता एसटी आडवी बाहेर येते. आणि या दोहोंच्या शेवटी पूर्वीप्रमाणेच तर आणि पाय. वाहने बदलली, व्याकरण तेच राहिले. किनाऱ्यावरच्या भटकंतीची आखणी करायची तर हे व्याकरण मनात ठेवले की काम फत्ते.

उदाहरण म्हणून माझ्या आवडीचा टापू सांगतो. दापोली तालुक्याचा किनारा, केळशीपासून दाभोळपर्यंत. याला तीन दिवस द्यावेत. दिव्याहून सावंतवाडीला जाणारी सकाळची गाडी घ्यावी, किंवा मिळेल ती, आणि खेडला उतरावे. स्टेशनहून खेडच्या एसटी स्थानकावर यावे. तिथून दापोली तीसेक किलोमीटर. दापोलीला एका काळी इंग्रजांची छावणी होती म्हणून जुनी माणसे अजून 'कँप' म्हणतात. दापोलीच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी जावे आणि केळशीची गाडी विचारावी. संध्याकाळी केळशीत पोचले की पहिला मुक्काम. 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' अशा पाट्या या सगळ्या गावांत आहेत.

पहिल्या दिवशी केळशीहून दक्षिणेकडे निघावे. भारजा नदीच्या मुखाजवळची वाळूची टेकडी पाहावी. डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला होता. मग उटंबरचा डोंगर चढून आड्याला उतरावे, पाडल्याच्या पुळणीवरून आंजर्ल्याला पोचावे. वाटेत सुरूची बने लागतात, नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या वाड्या झोपवल्या होत्या. पोफळ लावल्यापासून उत्पन्न द्यायला वर्षे घेते, त्यामुळे त्या वादळाचा हिशोब इथे अजून चालू आहे. ज्या घरात आपण जेवतो त्या घराला हे विचारावे. उत्तर ऐकताना आपल्या ताटातल्या सोलकढीची किंमत कळते.

दुसऱ्या दिवशी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती करून जोग नदीची खाडी ओलांडावी. पूर्वी इथे तरीशिवाय गत्यंतर नव्हते, आता पूल आहे. पलीकडे हर्णै. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. १७५५ साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. मराठ्यांच्या आरमाराचे पंख आपणच कसे छाटले, याचा विचार करत मासळीच्या लिलावात शिरावे. मग मुरुड. कर्व्यांचे गाव. तिथून कर्द्याच्या पुळणीने लाडघरला मुक्कामी जावे.

तिसऱ्या दिवशी लाडघरहून बुरोंडी, कोळथरे असा चढउताराचा रस्ता. दमलो तर वाटेत एसटीला हात करावा आणि दाभोळ गाठावे. हे दाभोळ एके काळी पश्चिम किनाऱ्याचे नामांकित बंदर. अरबस्तानातून घोडे इथे उतरत. पोर्तुगीजांच्या अल्मेडाने १५०८ च्या डिसेंबरात ते जाळून लुटले. आज धक्क्यावर उभे राहिले की समोर धोपावे दिसते. मधल्या वाशिष्ठीवर २००३ पासून मोटारी नेणारी फेरीबोट चालते. तीत पायी माणसालाही जागा असते आणि तिकीट अगदी थोडे. पलीकडे उतरून गुहागरची एसटी, गुहागरहून चिपळूणची एसटी आणि चिपळूण स्टेशनात परतीची गाडी.

आता सुरुवातीच्या त्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. परत कसे येणार? जो मोटार घेऊन केळशीला गेला, त्याला संध्याकाळी केळशीलाच परत यावे लागते. त्याची गाडी तिथे उभी असते. गाडी त्याला नेते खरी, पण तिथेच बांधूनही ठेवते. मी खेडला उतरतो आणि चिपळूणला चढतो. मधला सगळा किनारा माझा. मागे वळून पाहायला काही ठेवलेलेच नसते. किनाऱ्यासारखी सरळ रेषेची वाट खऱ्या अर्थाने चालायची असेल, तर बसगाडी आणि आगगाडी हाच तिचा नैसर्गिक जोडीदार आहे.

आखणीत तीन घड्याळे सांभाळावी लागतात. पहिले समुद्राचे. भरती-ओहोटीचा कोळ्यांचा जुना आडाखा असा, की तिथीची पाऊणपट करावी, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पुळणीवरून सकाळी चालायचे असेल तर चतुर्थी-पंचमी उत्तम, कारण ओहोटी नऊ-दहाला येते, वाळू ओली आणि घट्ट असते, पाय रुतत नाहीत. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, तेव्हा दुपारी खडकाच्या नाकाला वळसा घालण्याच्या फंदात पडू नये, सड्यावरून जावे. हा आडाखा ढोबळ आहे. छापील वेळापत्रक जवळ ठेवावेच, आणि गावातल्या माणसाला विचारावे ते वेगळेच.

दुसरे घड्याळ एसटीचे. आरक्षणाच्या यंत्रावर लांब पल्ल्याच्या गाड्या दिसतात. गावोगावच्या फेऱ्या कळतात त्या स्थानकाच्या फलकावर किंवा कंडक्टरच्या तोंडून. गाडीत बसल्यावर पहिला प्रश्न विचारावा, 'मास्तर, उद्या इथून पहिली गाडी कितीला? आणि शेवटची?' शाळेच्या सुट्टीत शाळेच्या वेळेची फेरी बंद असते, रविवारी काही फेऱ्या नसतात, हे लक्षात असावे. शेवटच्या गाडीच्या भरवशावर कधी चालू नये, तिच्या आधीच्या गाडीचा बेत करावा. म्हणजे एक चुकली तरी एक हाताशी राहते.

तिसरे घड्याळ ऋतूचे. कोकण रेल्वेचे पावसाळ्याचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्यांचा वेग कमी असतो. पावसात दर्या खवळतो, खडक शेवाळतात, तरी बंद राहतात. गणपतीत आणि शिमग्यात गाड्यांवर पहिला हक्क चाकरमान्याचा, तेव्हा भटक्यांनी घरी बसावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले दिवस.

इथपर्यंत सगळे सोपे वाटेल. आता थोडे अवघड बोलतो. ही जी सांगड मी सांगितली, ती आपोआप टिकणारी नाही. ऐंशीच्या दशकात बॅ. अ. र. अंतुले यांनी रेवस ते रेड्डी अशा सागरी महामार्गाची कल्पना मांडली. आज त्यातल्या मोठ्या खाड्यांवर पूल उभारण्याची योजना राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतली आहे. मी पुलांच्या विरोधात नाही. रात्री बाळंतपणाला अडलेल्या बाईला तरीची वाट पाहायला लावणारी व्यवस्था कोणालाही नको असते. पण पुलाने खाडी ओलांडणार कोण, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. पूल झाला की तर बंद होते. पुलावरून एसटीची फेरी सुरू झाली नाही, पादचाऱ्यासाठी कडेला वाट ठेवली नाही, तर ज्याच्याकडे मोटार नाही तो पूर्वीपेक्षा अडतो. समोरचा तीर त्याला दिसतो तसाच दिसत राहतो. फक्त जायची होडी गेलेली असते.

एकदा अशाच एका वस्तीच्या गाडीत माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. तालुक्याच्या डॉक्टरांकडून परत निघाल्या होत्या. गाडीत आम्ही मोजून सहाजण. मी म्हटले, 'आजी, गाडी आज रिकामीच आहे.' त्या म्हणाल्या, 'असं मोठ्यानं नका बोलू हो. रिकामी म्हणून लिहून नेलं तर बंद करतील. मग आम्ही जायचं कशानं? मुलगा गाडी घेऊन येतो तो गणपतीत.' मी गप्प बसलो. २०२१-२२ च्या दीर्घ संपात एसटी बंद होती, तेव्हा अशा किती आज्या घरी अडकून पडल्या असतील! २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास विनामूल्य झाला, २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले. या चांगल्याच गोष्टी. पण सवलत गाडीत बसल्यावर मिळते. त्यासाठी आधी गाडी गावात यावी लागते.

म्हणून पायी भटकणाऱ्यांना माझे सांगणे असते, की किनाऱ्यावर जाताना आपण पाहुणे असतोच, पण गाडीत बसलो की त्या फेरीचे हिशोबातले प्रवासीही होतो. आपण चौघे तिकीट काढून केळशीच्या गाडीत बसलो, तर त्या दिवशीच्या फेरीच्या नोंदीत चार माणसे वाढतात. धक्क्यावर उताराचे पैसे दिले, तर तांडेलाला उद्या होडी काढायला थोडे कारण मिळते. हे उपकार नव्हेत. आपण त्यांच्याच व्यवस्थेवर आपली चैन भागवत असतो, तिचे भाडे देतो इतकेच. मोटार घेऊन गेलो तर गावात आपले जेवणाचे पैसे पोचतात, पण गावच्या एसटीच्या बाजूने आपले वजन पडत नाही.

कर्व्यांच्या काळातल्या मुलाला चालण्यावाचून इलाज नव्हता. आपल्याला आहे, आणि तरीही आपण चालायचे ठरवतो, ही आपली चैन. पण केळशीच्या आजीला, हर्णैच्या मासळी विकणाऱ्या बाईला, गुहागरहून चिपळूणला कॉलेजात जाणाऱ्या मुलीला आजही दुसरा इलाज नाही. त्यांच्यासाठी पहाटेची गाडी म्हणजे बाहेरच्या जगाचे दार आहे. येत्या हिवाळ्यात एखादी चतुर्थी पाहून निघा. खेडचे तिकीट काढा, पाठीवर एकच पिशवी घ्या, आणि केळशीच्या गाडीत बसल्यावर कंडक्टरला शेवटच्या थांब्याचे तिकीट मागा. पहाटे परत फिरणाऱ्या त्या गाडीत कोण कोण चढते, तेही एकदा उठून पाहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)